टिटवीने धरलेलं आभाळ

एका जंगलात सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एक टिटवी धावायला निघाली, आणि पुढची सगळी भानगड झाली.

बाळांनो, तुम्ही विचाराल, पंख असताना ही धावायला कशाला गेली? तिच्या सासूनेही हेच विचारलं. "सूनबाई, दिवसभर पोरांमागे पळतेस ते कमी पडतं का?"

"आत्याबाई, ते पळणं वेगळं."

वेगळं कसं, ते टिटवीला सांगता आलं नाही. माळावर धावताना तेवढा वेळ तिला कुणी 'आई' म्हणून हाक मारत नसे. एवढंच वेगळेपण. पण ते तिला फार गोड लागलं होतं.

धावायला काळवीट सर शिकवत. नवशिक्यांना त्यांचं एकच सांगणं, "हळू धावा, पुढे बघा."

हळू धावणं टिटवीला झकास जमलं. इतकं, की एकदा गोगलगायीने मागून विचारलं, "वहिनी, जरा वाट देता का?" पुढे बघणं मात्र जमेना. थोरल्याला मुंगसाने नेलं असेल. धाकटं चिखलात रुतलं असेल. सासूला डुलकी लागली असेल. चार पावलं टाकली की मान मागे.

अशी मागे बघत पुढे धावताना एके सकाळी ती घोरपडीच्या बिळात पडली. पाय मुरगळला. वाटाण्याएवढा गुडघा सुपारीएवढा झाला.

सरांनी पाय पाहिला. "तीन दिवस पाय वर करून पडून राहायचं. नाहीतर तुमचं धावणं संपलं समजा."

"पडून?" टिटवी घाबरली. "सर, दुसरा एखादा सोपा उपाय नाही का?"

घरी येऊन ती उताणी झाली. पाय वर केले. लगेच धाकटं पोटावर चढलं. थोरल्याला भूक लागली. टिटवा म्हणाला, "अगं, माझं ते हे कुठे ठेवलंस?" सासू म्हणाली, "आमच्या वेळी आम्ही अंडी घालून उभ्या पायांनी कामाला लागायचो."

टिटवी उठली. लंगडत सगळ्यांचं करून आली. दुपारी पडली, पुन्हा उठली. संध्याकाळी पाय टेकेना, तेव्हा तिला रडू आलं. सकाळचा तेवढा एक तुकडा तिचा स्वतःचा होता. तोही आता गेला.

"परत पाय वर?" सासू दारात उभी. "आता काय चाललंय?"

टिटवीच्या तोंडून निघून गेलं, "आभाळ धरलंय."

"काय?"

"आभाळ, आत्याबाई. खाली येत होतं. पोरं बाहेर खेळतायत, म्हणून धरलं."

सासूने वर बघितलं. आभाळ खरंच जरा खाली आल्यासारखं वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मग हलू नकोस बाई."

त्यानंतर पिल्लं दबक्या पावलांनी चालू लागली. टिटव्याला त्याचं ते हे आपोआप सापडलं. शेजारची मैना अळ्या देऊन गेली. जाताना म्हणाली, "ताई, आमच्या झाडावरचंही धरा हं."

निवांतपणा मात्र टिटवीच्या नशिबी नव्हता. काळजीची सवय आडवं पडून थोडीच सुटते? दुसऱ्या दिवसापासून तिलाच धडकी भरली. पाय खाली घेतले आणि खरंच पडलं तर?

चौथ्या दिवशी पाय बरा झाला. तिने डोळे मिटून तो खाली टेकवला. आभाळ जागच्या जागी होतं. पण आता धावायला जाते म्हणायचं कोणत्या तोंडाने? तिने पाय पुन्हा वर केले, तर सासूनेच तिला हलवलं.

"ऊठ, धावून ये. पायांत जोर नको का? आभाळ काय हलकं आहे?"

त्या दिवशी टिटवी पहिल्यांदा पुढे बघून धावली. परत आली तर सासू उताणी पडलेली, दोन्ही म्हातारे पाय वर.

"आत्याबाई, काय झालं?"

"काही नाही. तू दमली असशील. आता मी धरते." सासूने डोळे मिटले. "पोरांना तेवढं खायला घाल. आणि आवाज नको कुणाचा, माझा पाय निसटेल."

तात्पर्य: विसावा मागितला तर आळस ठरतो, आभाळ धरलं तर उपकार. म्हणून खरं कारण कधी सांगू नये. हे आपल्या जावेला, नणंदेला, शेजारणीला जरूर कळवा. टिटवे मंडळींना सांगायची गरज नाही. ते केव्हापासून पाय वर करून पडलेत, आणि त्यांना अजून कुणी कारणच विचारलेलं नाही.