आठ मात्रांचा व्यायाम

तो आवाज सिंगारवेलूंनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता, स्वतःच्या लग्नात. मंगळसूत्र हातात घेऊन ते तैयलम्माच्या मानेपर्यंत पोहोचले होते, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या मामांच्या सनईसारख्या नादस्वरमातून, बदकाच्या शेपटीवर कुणी पाय द्यावा तसा, ‘क्वँक’ असा आवाज निघाला. मामा म्हणजे तंजावरपर्यंत नाव असलेले वादक. सत्तरीला टेकले होते, पण त्यांचा स्वर कधी कापला नव्हता. मंगळसूत्र बांधून झालं, मामांनी वाद्य खाली ठेवलं आणि ते नेसलेल्या रेशमी वेष्टीसकट सरळ देवळाच्या तळ्यात उतरले. छातीएवढ्या पाण्यात बराच वेळ उभे राहिले. लोक म्हणाले, लाजले बिचारे.

तैयलम्माने तो आवाज माहेरच्या भांड्यांबरोबर जपून ठेवला. दूध नासलं, की ती म्हणायची, “तो क्वँक.” गाय आटली, क्वँक. मुलगा गणितात नापास झाला, क्वँक. (मुलाला गणित मुळातच येत नव्हतं, हे कुणी लक्षात घ्यायचं नाही.) मागच्या हिवाळ्यात सिंगारवेलूंची प्रोस्टेटची गाठ काढायची ठरली, तेव्हा तिने कुंभकोणमच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं, “काही कमी-जास्त झालं तर तुमचा दोष नाही. आमच्या लग्नातच घोळ झालाय.”

ऑपरेशन छान झालं. गाठ गेली. पण जाताना नळाचा वायसरही घेऊन गेली. सिंगारवेलू शिंकले, की गळायचं. खुर्चीतून उठले, की गळायचं. हसले तर विचारूच नका. आणि नादस्वरम तर बेंबीच्या खालून फुंकायचं वाद्य. महिन्याभराने त्यांनी ते ओठांना लावलं आणि एकच ‘सा’ दिला. ‘सा’ उत्तम लागला. चटई धुवावी लागली.

एरवी त्यांनी वाद्य गवसणीत घालून खुंटीला टांगलं असतं. पण वैशाखात नातीचं लग्न होतं. कुयिली तान्ही असताना आजोबांनी नीलांबरी राग वाजवल्याशिवाय झोपायची नाही. ती आता शाळेत शिकवत होती, तरी हट्ट तसाच. “ताता,” ती म्हणाली, “मंगळसूत्राच्या वेळी तुमचंच नादस्वरम हवं. नाहीतर मी मान खाली घालणार नाही. उभा राहू दे नवऱ्या मुलाला हात वर करून.”

म्हणून सिंगारवेलू ब्यूलाकडे गेले. ब्यूला ही दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी. गोड बोलायची, पण विषय असा काढायची, की सिंगारवेलूंना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसावं लागे.

“अय्या, लघवी अडवताना आतून जे आवळता ना, तेच आवळायचं. दहा मोजेपर्यंत आवळा, दहा मोजेपर्यंत सोडा. श्वास कोंडायचा नाही.”

“दहाच का?”

“म्हणजे?”

“आठ चालतील?”

ब्यूलाला वाटलं, म्हातारं माणूस आहे, दमत असेल. “चालतील की,” ती म्हणाली.

(तिथेच सगळं बिनसलं. पण ते दोघांनाही कळायला वेळ होता.)

सिंगारवेलू दमत वगैरे नव्हते. आयुष्यभर आठ मात्रांच्या आदितालात जगलेल्या माणसाला दहा मोजायचे म्हणजे उजव्या पायात डावी चप्पल घालण्यासारखं होतं. शिवाय भिंतीपलीकडे त्यांचा मेहुणा कलियपेरुमाळ राहायचा. तो तविल, म्हणजे नादस्वरमच्या साथीचा ढोल, वाजवणारा. रोज सकाळी तासभर त्याचा आदिताल भिंतीतून आयता यायचा. एक आवर्तन आवळायचं, समेची थाप पडली की सोडायचं. पुढचं आवर्तन विश्रांती. समेवर सोडण्यात असं काही सुख होतं, की सिंगारवेलूंची मान आपोआप डोलायची.

“कॉफी निवली,” तैयलम्मा म्हणायची. “डोळे मिटून काय बसलाय?”

“व्यायाम चाललाय.”

“मला तर काहीच दिसत नाही.”

“दिसला तर तो हा व्यायाम नव्हे.”

“ऑपरेशनच्या आधीही तुम्ही असेच बसायचात. तेव्हाही व्यायामच असेल.”

पण गुण आला. शिंक कोरडी जाऊ लागली. मग खोकला. मग एकदा कलियपेरुमाळने सांगितलेल्या विनोदावर ते पोटभर हसले आणि काहीच झालं नाही. (विनोद तसा जुना होता, पण त्या दिवशी फार आवडला.) तैयलम्माने उरलेले डायपर माळ्यावर टाकले, वर टोपली पालथी घातली.

लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा ओट्यावर तालीम ठरली. कलियपेरुमाळ तविल घेऊन बसला. सिंगारवेलूंनी आधी नुसता राग आळवला, ताल नाही. वरच्या षड्जावर बराच वेळ थांबले. कोरडे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण ते पाणी निराळं.

“चला अत्तान,” कलियपेरुमाळ म्हणाला, “आता आदितालात घ्या.”

त्याने काठी उचलली. आठ मात्रा गेल्या, समेवर ‘ढम्’ अशी थाप पडली, आणि सिंगारवेलूंच्या अंगात तीन महिने शिकवलेला तो स्नायू, गुरूची आज्ञा झाल्यासारखा, एकदम सुटला.

नादस्वरम थांबलं.

“काय झालं? वाद्याची पत्ती ओली झाली का?”

“पत्ती कोरडीच आहे,” सिंगारवेलू म्हणाले.

दुसऱ्या वेष्टीवर पुन्हा तेच. तिसऱ्या वेष्टीवर त्यांनी समेच्या आधी दात-ओठ खाल्ले, देवाचं नाव घेतलं. थाप पडली, स्नायूने देवाला जुमानलं नाही.

तैयलम्मा फडकं घेऊन बाहेर आली. तिने ओट्याकडे पाहिलं, तविलकडे पाहिलं, आणि आपल्या भावाला म्हणाली, “वाजव रे पुन्हा.”

“अगं, नको!” सिंगारवेलू ओरडले.

“म्हणजे माझी शंका खरी! लोक कुत्र्याला शिकवतात, पोपटाला शिकवतात. तुम्हाला शिकवायला दुसरं काही सापडलं नाही? तीन वेष्ट्या झाल्या सकाळपासून. लग्नाला पाहुणे येणार आहेत की धोबी?”

“ब्यूलानेच आठ मोजायला परवानगी दिली.”

“तिने मोजायला सांगितलं, मैफल करायला नाही!”

ब्यूलाला फोन लावला. तिकडून आधी हसू दाबल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. मग ती नाक ओढत म्हणाली, “अय्या, स्नायू एकदम छान आहे. फक्त शिस्त जास्त झाली. आता उलटं शिकवा. फुंकरीला जोर लागेल, त्याच्या जरा आधी आवळायचं. समेकडे लक्षच द्यायचं नाही.”

“किती दिवस लागतील?”

“महिना-दोन महिने.”

“लग्न सोमवारी आहे, पोरी.”

“मग देव पाठीशी आहे,” ब्यूला म्हणाली. (देवाचा अनुभव सिंगारवेलूंनी तिसऱ्या वेष्टीवर घेतला होता.)

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कुयिलीला काय सांगायचं? तुझ्या आजोबाचा स्वर शाबूत आहे, श्वास शाबूत आहे, फक्त ताल ऐकला की वेष्टी भिजते? जगात कुठल्या वादकाला असं कारण देऊन घरी बसावं लागलं असेल?

कलियपेरुमाळ ताटावर बोटं वाजवत विचार करत होता. “अत्तान, त्याला आठच येतात ना?”

“कुणाला?”

“तुमच्या त्या शिष्याला. मग सात मात्रांचं वाजवू. चापू तालात. बसू दे त्याला समेची वाट बघत.”

सकाळी करून बघितलं. सात मात्रांवर सम पडली, स्नायू जागचा हलला नाही. बिचाऱ्याला काही कळेचना. पाच मात्रांचं वाजवलं, तरी कोरडं. तैयलम्मा फडकं घेऊन उंबऱ्यात उभी होती, ती काही न पुसता आत गेली.

लग्नाच्या दिवशी तिने माळ्यावरून डायपर काढून आणला. सिंगारवेलूंनी तो बांधून वर रेशमी वेष्टी नेसली, मांडी घालून बसून पाहिलं आणि आरशाकडे बघून परत सोडला. “कोंबडी अंड्यावर बसल्यासारखी दिसते,” ते म्हणाले.

“बसू दे की. शुभ असतं.”

“नको.”

“मग ऐन वेळी मला हाक मारू नका. मी दारात गुलाबपाणी शिंपडायला असेन.”

मांडवात सुरुवात झाली. कलियपेरुमाळच्या जोडीला दुसरा एक तविलवालाही होता. सात मात्रा, पाच मात्रा, पुन्हा सात. साधंसोपं काही नाहीच. नवऱ्याकडचे थोरले काका तिरुनावुक्करसु हे निवृत्त पोस्टमास्तर आणि संगीताचे पक्के दर्दी. ते पंक्तीतला उपमा टाकून पुढे येऊन बसले. मांडीवर ताल धरून मोठ्याने म्हणाले, “काय विद्वत्ता! सत्तरीत, तेही ऑपरेशननंतर, एकामागून एक अवघड ताल! आजकालची पोरं आदितालाच्या बाहेर पडत नाहीत!”

“आम्हालाही बाहेर पडायची वेळच आली,” कलियपेरुमाळ म्हणाला. सिंगारवेलूंनी त्याला कोपर मारलं.

मुहूर्त जवळ आला. कुयिली लाल साडीत मांडवात येऊन बसली, आजोबांकडे बघून हसली. तेवढ्यात तिरुनावुक्करसु उठून उभे राहिले.

“मंगळसूत्राला विषम ताल नको,” त्यांनी हात जोडले. “शुभकार्याला आठ मात्रांचा भरलेला आदितालच हवा. तुम्हाला काय, आदिताल तर झोपेतही वाजवाल!”

“झोपेत नको,” सिंगारवेलू पुटपुटले. पण वरपक्षाचं मागणं, तेही भर मांडवात. कलियपेरुमाळने त्यांच्याकडे बघितलं आणि काठी उचलली. दुसरं काय करणार?

सिंगारवेलूंनी हिशेब केला. चार-पाच आवर्तनं, की मंगळसूत्र. तेवढं ओढून नेऊ. मात्र एक गोष्ट ते विसरले होते. मंगळसूत्र बांधायच्या आधी ताटात ठेवून सगळ्या वडीलधाऱ्यांपुढे फिरवतात, प्रत्येकजण हात लावून आशीर्वाद देतो.

ताट निघालं. पहिली सम आली. सिंगारवेलूंनी डोळे मिटले, ब्यूलाला आठवलं, आणि थापेच्या आधीच आवळलं. टिकलं. दुसरी सम. टिकलं. ताट अजून पहिल्याच रांगेत. एका आजीबाईंनी आशीर्वाद द्यायच्या आधी चष्मा शोधायला घेतला. पिशवीत नव्हता, तो डोक्यावर होता. तेवढ्यात दोन समा गेल्या. दुसऱ्या एका मावशीने मंगळसूत्र हातात घेऊन सोनं कुठल्या सराफाकडचं ते विचारलं. (विचारा! सावकाश विचारा! वजनही करून घ्या!) सिंगारवेलूंच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि फक्त घामच गळावा एवढीच त्यांची प्रार्थना होती.

शेवटी ताट परत वधूवरांपुढे पोहोचलं. नवरदेवाने मंगळसूत्र उचललं. कुयिलीने मान खाली घातली.

“गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!” एकदम चारी बाजूंनी बोटं नाचली, हाका उठल्या. मंगल क्षणी एखादी शिंक, एखादा वाईट शब्द कानी पडू नये म्हणून सगळी वाद्यं जीव खाऊन वाजवायची, अशी रीत. दोन्ही तविल कडाडले. सिंगारवेलूंनी फुफ्फुसात होती नव्हती तेवढी हवा वर लोटली आणि खाली होता नव्हता तेवढा जोर आवळला, आणि त्या दोन जोरांच्या मध्ये नादस्वरमातून आवाज निघाला,

‘क्वँक.’

मांडवात कुणालाच ऐकू गेला नाही. रीत असते ती याचसाठी. अक्षता पडल्या, बायका डोळे पुसू लागल्या. पण सिंगारवेलू जागच्या जागी थिजले. मामा! सत्तरीतले मामा! रेशमी वेष्टी नेसून छातीएवढ्या पाण्यात उभे राहिलेले मामा! लाज कसली, तळं केवढं सोयीचं होतं! पंचेचाळीस वर्षं दुधापासून गणितापर्यंत सगळं ज्यांच्या माथी मारलं, त्या बिचाऱ्यांना कुणी ब्यूलासुद्धा भेटली नव्हती.

मग त्यांनी घाबरत घाबरत हात खाली नेला. वेष्टी चाचपली. पुढून चाचपली, बाजूने चाचपली.

कोरडी! इस्त्रीवाल्याकडून आली तशी कडक, करकरीत, कोरडी!

त्यांना ओरडावंसं वाटलं. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना, आणि सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

तैयलम्माने तो आवाज ऐकला होता. दोन तविलांच्या कडाक्यातही ती तो ओळखणारच. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्याचा वेष्टीवर फिरणारा हात पाहिला, हातातली गुलाबदाणी खाली ठेवली, आणि गुलाबदाण्या भरायची पितळेची कळशी कमरेवर घेऊन गर्दीतून वाट काढत ती तरातरा व्यासपीठाकडे आली. सिंगारवेलू तिच्याकडे बघून तोंडभर हसले. बिचारा धीराने हसतोय, असं तिला वाटलं.

“अगं, ऐक...”

तिने अडखळल्यासारखं केलं आणि अख्खी कळशी त्यांच्या मांडीवर ओतली.

“अय्यो!” मांडव ओरडला.

“अक्का, पाय घसरला का गं?” कलियपेरुमाळने लगेच तिला साथ दिली. तोही तेच समजला होता.

तिरुनावुक्करसु गहिवरले. “कलावंताला गुलाबपाण्याचा अभिषेक! आमच्याकडे ही रीत आता कुठे राहिलीय!”

“मी कोरडा होतो,” सिंगारवेलू हळूच म्हणाले. “अगं, खरंच. पूर्ण कोरडा होतो.”

तैयलम्माने त्या वेष्टीकडे पाहिलं. काठापासून काठापर्यंत भिजलेली, टपटप गळत असलेली. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. क्वँकबद्दल तिने आयुष्यात पहिल्यांदाच चकार शब्द काढला नाही. पदराच्या टोकाने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला, त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि पंक्तीकडे निघून गेली.