सुगियामा-सानांची तोंडी परीक्षा

सुगियामा-सान रोज सकाळी सायकलवरून बाजारात निघतात आणि आमच्या इमारतीसमोर आले की खाली उतरतात. तिथे सिग्नल नाही, खड्डा नाही, चढही नाही. मी फोनमधल्या पाणसळीने तो रस्ता तपासला आहे. अर्ध्या अंशाचाही उतार निघाला नाही. तरी ते उतरतात, पुढे वाकून सायकल ढकलू लागतात, मध्यावर जरा दम खातात, मग अंग मागे टाकून दोन्ही ब्रेक दाबत सावकाश पुढे जातात आणि कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी पुन्हा सायकलवर बसतात.

कारण तिथे पूल होता. लाकडी, मध्ये उंच, पावसात निसरडा. त्याखालचा कालवा बुजवून त्याचा रस्ता केला, त्याला कितीतरी वर्षं झाली.

"पण आता पूल नाही ना," मी पहिल्या वर्षी त्यांना म्हणालो होतो.

"नाही," ते म्हणाले. "पण आहे."

हे त्यांचं पालुपद. आमचा भाग तोक्योच्या पूर्वेला, तोयोसुच्या अलीकडे. मी तिथल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली आकडेमोड तपासतो. पूर्वी इथे जिकडेतिकडे कालवे होते आणि काठांवर लाकडाच्या वखारी. ओंडके पाण्यात सोडून, त्यांचे तराफे बांधून, माणसं बांबूने ते ढकलत आणत. आता वखारी समुद्राकडे गेल्या. आमच्या वस्तीतल्या चार कालव्यांपैकी तीन डांबराखाली आहेत. सुगियामा-सान मात्र पत्ता सांगतात तो अजून त्याच गावातला.

आम्ही नवीन असताना माझ्या बायकोने, मेधाने, त्यांना दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारला. दुखरा गाल धरून ती तशीच परत आली.

"अहो, काय सांगितलं माहितीय? न्हाणीघराच्या धुराड्याकडे तोंड करा, तोफूवाल्यापाशी डावीकडे वळा, ओल्या लाकडाचा वास आला की समजा पुढे गेलात. अर्धा तास वास घेत फिरतेय मी."

इथवर गंमत होती. पण दोनेक वर्षांपूर्वी ते नुसतं सांगून थांबेनात. ते परीक्षा घेऊ लागले. कचऱ्याच्या दिवशी कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकलेल्या निळ्या जाळीपाशी ते उभे असायचे. काच आणि प्लास्टिक वेगळं केलंय का हे बाकीचे म्हातारे बघतात. हे आम्हाला बघायचे.

"जोशी-सान, न्हाणीघर?"

"तिथे आता पार्किंग आहे. बारा गाड्यांचं."

"नापास."

"अहो, पण बारा गाड्या मी मोजल्यात."

"आता काय झालंय ते मी विचारलंच नाही. न्हाणीघर कुठे आहे, एवढंच विचारलं. तुमचं उत्तर ऐकून माणूस घाबरेल."

पास होण्याचं उत्तर ठरलेलं होतं: पोलीस चौकीच्या मागे, दोन घरं सोडून, आज पाणी छान गरम आहे. शेवटचं वाक्य गाळलं तरी नापास. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, मॅनेजरबाई पहिल्या झटक्यात पास झाल्या. चौकीतल्या पोलिसाला दोनदा बसावं लागलं. माझी लेक ईरा शाळेत जाता जाता पास झाली आणि मला जपानीत म्हणाली, बाबा, सोप्पं तर आहे. वस्तीत नापास उरलो मी एकटा.

"एकदा म्हणा ना पाणी गरम आहे म्हणून," मेधा म्हणाली. "काय जातं तुमचं?"

"जे नाही ते आहे कसं म्हणू?"

"लग्नाआधी माझी भाकरी आवडते म्हणाला होतात, ते कसं म्हणालात?"

वस्तीच्या मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला. जुन्या टोपीच्या दुकानाचे मालक म्हणाले, "न्हाणीघराचं दार पूर्वेला होतं, हा दक्षिणेला सांगतो. मी त्या दारातून आत जायचो, तेव्हा हा बर्फात खेळत होता." सगळे हसले. नेहमी वाद घालणाऱ्या सुगियामा-सानांचे त्या दिवशी फक्त कान लाल झाले. मला त्यातलं काही कळलं नाही.

त्यांच्या पत्नी फुमिको-सान बरोबर असल्या की सुगियामा-सान बाजारापर्यंत सायकल हातानेच नेत आणि त्या मागून कॅरिअर धरून चालत. पूर्वी त्या दर हिवाळ्यात आम्हाला मुळ्याचं लोणचं आणून द्यायच्या. अलीकडे त्या मला रोज नव्याने भेटत. "तुम्ही कुठल्या बोटीने आलात?" असं अदबीने विचारत. मी "विमानाने" असं सांगे, कारण मी विमानानेच आलो होतो. त्या गोंधळून नवऱ्याकडे बघत, आणि सुगियामा-सान माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांची सायकल कालव्यात ढकलली आहे.

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी वादळाचा इशारा आला. संध्याकाळपासून गाड्या बंद ठेवणार, असं रेल्वेने सकाळीच जाहीर केलं होतं. आमचा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे इथे असले इशारे कोणी हसण्यावारी नेत नाही. दुपारी मी बाल्कनीतल्या कुंड्या आत घेत होतो. मेधा बादल्या भरून ठेवत होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सुगियामा-सान होते. डोक्यावर टोपी नाही, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"फुमिको घरात नाही," ते म्हणाले. "मी खिडक्यांना पट्ट्या लावत होतो. तेवढ्यात गेली."

तिच्या गळ्यात त्यांनी एक जुना फोन अडकवून ठेवला होता. नंबर मी लावला आणि स्पीकर सुरू केला. बराच वेळ घंटा वाजली. मग वाऱ्याचा घोंगाट आणि त्यात फुमिको-सानांचा शांत आवाज.

"फुमिको, कुठे आहेस?"

"पाण्याशी. बाबांनी थांबायला सांगितलंय. लाकडं यायचीत."

"कुठल्या पाण्याशी?"

"कुठल्या म्हणजे? पाण्याशी. धुराडं पाठीशी आहे, पाणी समोर आहे. वारा फार सुटलाय, ठेवते हं."

त्यानंतर नुसती घंटा वाजत राहिली.

"कुठे असतील?" मी विचारलं. "तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

सुगियामा-सान आमच्या पायपुसण्यावर उभे होते, ते तिथेच भिंतीला टेकले.

"पाणी चारही बाजूंना होतं. काय सांगू? मी त्यातलं काही बघितलेलंच नाही, जोशी-सान."

"बघितलेलं नाही म्हणजे?"

"मी इथला नाही. उत्तरेकडचा. वखारीत नोकरीला आलो तेव्हा न्हाणीघर पाडून झालं होतं आणि कालव्यात मातीचे ट्रक रिकामे होत होते. नंतर मालकांनी घरजावई करून घेतलं, त्यांचं आडनाव लावलं. हे धुराडं, तो पूल, सगळं तिने सांगितलेलं आहे. आता ती रस्त्यात कोणाला तरी विचारते, न्हाणीघर कुठे? लोक म्हणतात, असं काही नाही इथे. की ती घाबरते आणि वाट फुटेल तिकडे जाते. म्हणून तर..."

मेधाने माझ्याकडे बघितलं.

त्यांना काय होतं तेवढंच माहीत होतं. मला काय आहे ते माहीत होतं. तीन कालव्यांत आज बुडायला थेंबभर पाणी नाही. खरं पाणी एकाच कालव्यात, आणि धुराडं पाठीशी ठेवून त्याच्याकडे तोंड केलं की येतो बारा गाड्यांच्या पार्किंगमागचा घाट. वादळात समुद्राकडचं पाण्याचं दार बंद करतात, आणि आत पावसाचं पाणी चढत जातं.

"मेधा, चौकीत फोन कर. पार्किंगमागच्या पायऱ्या म्हणून सांग. सुगियामा-सान, तुम्ही मागून या, पण पळू नका."

मी पळालो. छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटली. पार्किंगच्या मागे कठडा आहे आणि त्यातून पायऱ्या खालच्या फरसबंदीवर उतरतात. एरवी तिथे लोक कुत्री फिरवतात. त्या दिवशी फरसबंदी दिसतच नव्हती. फुमिको-सान शेवटच्या पायरीवर घरातल्या सपातांवर उभ्या होत्या, एका हाताने साखळी धरून. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, काळपट, फांद्या आणि बाटल्या घेऊन सरकणारं.

"फुमिको-सान, वर या. वादळ येतंय. घरी चला."

त्यांनी वळून बघितलं आणि साखळी सोडून एक पाऊल पाण्याकडे टाकलं.

"तुम्ही कोण? अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, असं बाबांनी सांगितलंय."

"मी जोशी. तुमचा शेजारी."

"शेजारी तर आमची वखार आहे."

"ती वखार आता..." एवढं बोललो आणि त्यांचा चेहरा बघून थांबलो. त्यांची नजर माझ्यावरून इमारतींवर गेली, पुन्हा पाण्यावर आली. मी आणखी एक पायरी उतरलो असतो तर त्याही उतरल्या असत्या. आमच्यात पाच पायऱ्या होत्या, आणि मला पोहता येत नाही.

"लाकडं आली का?" त्यांनी विचारलं.

खरं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. नेहमीच असतं.

"आली," मी म्हणालो. "पाणी चढलंय म्हणून तराफे मागच्या कालव्याने वळवलेत. इथून काही येणार नाही आज. तुम्ही न्हाणीघराशी थांबा, असा निरोप आहे वडिलांचा."

"न्हाणीघर कुठे आहे?"

"पोलीस चौकीच्या मागे, दोन घरं सोडून." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आज पाणी छान गरम आहे."

त्यांनी जरा विचार केला. मग हात पुढे केला. मी पाच पायऱ्या उतरून तो धरला. हात बर्फासारखा गार होता, पण पकड घट्ट होती.

"तुम्ही बोटीवरचे ना?" वर चढताना त्यांनी विचारलं.

"हो. बोटीवरचा."

पार्किंगमध्ये सुगियामा-सान येऊन पोचले होते. मागे चौकीतला पोलीस रेनकोट घालून सायकल धरून उभा होता. सुगियामा-सानांनी हातानेच त्याला थांबवलं होतं. मला वाटलं, आता ते धावत येतील, ओरडतील, निदान तिचा हात तरी धरतील. ते चार हातांवर थांबले. श्वास सावरला, खालीवर लागलेली बटणं नीट केली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि पहिल्या दिवशी नोकरीला आलेल्या माणसासारखे कमरेत वाकले.

फुमिको-सान त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही कोण?"

"साईतो," ते म्हणाले. हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. "उत्तरेकडून आलो. वखारीत कामाला लागलोय."

"तरीच बोलणं असं आहे. इथलं काही माहीत नसेल तुम्हाला."

"काहीच नाही."

"मग चला, दाखवते. बाबा कडक आहेत, पण मनावर घेऊ नका."

त्यांनी सुगियामा-सानांच्या शर्टाची बाही धरली आणि त्या चालू लागल्या. आमच्या इमारतीपर्यंत चार मिनिटांचा रस्ता. वारा दर मिनिटाला वाढत होता, वरून कोणाची तरी कपडे वाळत घालायची काठी खडखडत खाली आली. मी मोडकी छत्री त्यांच्या डोक्यावर धरायचा प्रयत्न करत मागून चाललो होतो. पोलीस सायकल ढकलत माझ्या मागे. फुमिको-सानना कसलीच घाई नव्हती. हा तोफूवाला, याचं कुत्रं चावतं. इथून आजी मिसो आणते. सुगियामा-सान प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि विचारत होते, "आणि हे डावीकडे?" हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यांच्या आधी मीच उत्तर दिलं असतं.

आता जरा पाय उचला, असं मी म्हणणार होतो. एवढ्यात फुमिको-सान एका बंद दुकानासमोर थांबल्या आणि खाली डांबराकडे बोट दाखवून आवाज लहान करून म्हणाल्या, "इथे मी तराफ्यावरून तराफ्यावर उडी मारली. उजव्या पायातली खडाव पाण्यात गेली. घरी सांगितलं, देवळात चोरीला गेली. कोणाला बोलू नका. मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही."

सुगियामा-सानांची डोलणारी मान थांबली. त्यांनी डांबराकडे बघितलं, मग तिच्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांच्याही कानावर आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. पाऊस आडवा यायला लागला होता. तिच्या तोंडावर येणाऱ्या पाण्याला त्यांनी हाताचा आडोसा केला.

"मग?" साईतो-सान म्हणाले. "मग काय झालं?"