बकुळेसाठी चकचकीत लादी

गोठा बांधावा तर आम्हीच! असं मी दिवाळीपासून पोलादपुरात भेटेल त्याला सांगत सुटले होते. भांडुपच्या चाळीतून गावी परतलेली बाई मी. गोठा म्हणजे अंधार आणि चिखल, हे मला मान्यच नव्हतं. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला आणि आम्ही कारवीच्या कुडाचा जुना गोठा पाडला. नवा चिऱ्याचा, वर पत्रा, खाली कोबा. आणि कोब्यावर लादी! घर बांधतानाची पांढरीशुभ्र लादी उरली होती, ती काय नुसती बघत बसायची? महादू गवंडी म्हणाला, वहिनी, जनावराला कोबा खडबडीतच बरा. मी म्हटलं, तू लाव. माझा नवरा राजेंद्र मला चांगला ओळखतो, त्यामुळे तो लाद्या वाहायला लागला.

गोठ्यात राहणार होती बकुळा, सासूबाईंची एकुलती एक म्हैस. त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, आणि आता ती व्यायला टेकली होती. थंडीत तिला उघड्यावर ठेवायला सासूबाईंचा जीव होईना. म्हणून लादी लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही तिला ओवाळून आत घेतली.

आत आली मात्र, चार पाय चार गावांना निघाले! एक महाडला, एक खेडला, एक महाबळेश्वरला, चौथ्याला कुठे जावं ते कळेना. बकुळा मटकन खाली बसली. उठायला गेली, पुन्हा घसरली. पोटात पारडू, त्यात पाय फाकून मोडला असता तर दोघंही गेली असती. सासूबाई तिच्या मानेशी बसून तिला गोंजारत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला रडूच यायला लागलं.

राजेंद्रने हाका मारल्या तशी अख्खी वाडी धावली. शेजारचे कुशाबा पेंढ्याचे भारे घेऊन आले. पेंढा पसरून त्यावर चढले आणि पेंढ्यासकट सरकत थेट बकुळेच्या पुढ्यात जाऊन बसले. त्यांना उठवायला गेलेला राजेंद्र त्यांच्या शेजारी बसला. इरशादभाई महाडला माल घेऊन निघाले होते, ते टेम्पो वाटेतच उभा करून ताडपत्री घेऊन आले. ताडपत्रीवरून तर ते आणि महादू दोघं एकदमच गेले! बकुळेसमोर अशी पंगत बसलेली असताना तिला कळा सुरू झाल्या.

"लादी काढा," मी ओरडले. "सगळी काढा!"

महादू मनातून खूश झाला असणार, पण त्याने तसं दाखवलं नाही. कालचं सिमेंट अजून धरलं नव्हतं. त्याने पहार घातली आणि बकुळेच्या पायांशी असलेल्या लाद्या आम्ही हातोहात बाहेर काढल्या. पोटाखालून गोणपाट घालून सगळ्यांनी आधार दिला, खडबडीत कोब्यावर खूर टेकले, आणि बकुळा उभी राहिली. दुपारच्या आत तिला पारडी झाली! इरशादभाईंच्या मालाला उशीर झाला होता, कुशाबांची कंबर धरली होती, पण मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. या माणसांचे उपकार कसे फेडायचे, सांगा. मी आपली घरोघर खरवस वाटत फिरले, आणि प्रत्येक दारात डोळे पुसत राहिले.

पुढे महादूने त्याच लाद्या पुन्हा बसवल्या, पण उलट्या. मागची रेघांची बाजू वर. बकुळा आता तिच्यावर राणीसारखी चालते.

परवा वरच्या वाडीतले महिपतराव गोठा बघायला आले. लादीवरून हात फिरवत म्हणाले, अशी लादी महाडला कुठल्या दुकानात मिळते? मी खाली मान घातली. पण सासूबाई पुढे झाल्या.

"दुकानात नाय मिळायची. माझ्या सुनेनं डोकं चालवून केलेली हाय."

माझी मान लगेच ताठ झाली. महिपतराव खूश होऊन म्हणाले, "मग सुनेला जरा आमच्याकडं धाडा की. आमची म्हैस पण व्यायला झाल्याय, त्याआधी गोठा उरकायचा हाय."

"धाडते ना," सासूबाई म्हणाल्या, "पण आधी तुझी म्हैस सुखरूप मोकळी होऊ दे, मंग धाडते."