खंडूमामांची गौतमी

किसा गौतमीला आमच्या शेजारच्या खंडूमामांनी दोन पावसाळे घरी जाऊ दिलं नाही.

मूळ कथा साधी आहे. लेकरू गेल्यानं वेडीपिशी झालेल्या गौतमीला बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलेलं नाही, तिथून मोहरी आण, मग औषध देतो. ती दारोदार फिरते, तसं घर सापडत नाही, आणि तिला काय ते उमगतं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांजवळच्या आमच्या विहारात वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, ग्रंथवाचनात ही कथा चुटकीसरशी संपायची. वाचन मामांकडे आलं आणि ती संपेनाशी झाली.

"'दारोदार फिरली' एवढंच लिवलंय," मामा ग्रंथ मिटून म्हणायचे. ड्यूटीवरून थेट आलेले, अंगात रेल्वेच्या पॉइंट्समनचा निळा सदरा. "कोनाच्या दारात? काय बोलली? आवो, दार तर उघडू द्या की!" मग रोज संध्याकाळी एक नवं घर. कुंभाराचं, सुईणीचं, सासू-सुनेचा अबोला असलेलं. एका म्हातारीनं गौतमीला चहा पाजला, तेव्हा विहाराचे कारभारी देवराव गुरुजी उखडले.

"बुद्धाच्या काळात चहा?"

"मंग लेकरू गेलेल्या बाईला कोरडंच धाडावं व्हय, गुरुजी?"

आम्ही बायका पदराआड हसायचो. पण मोहरीच्या बाबतीत मामा कडक. प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलेलं असायचंच. मी एकदा म्हटलं, "मामा, एखाद्या घरी तरी मिळू द्या बिचारीला." तर म्हणाले, "आपल्या हातात हाय का पोरी ते?"

दुसऱ्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या रागानं खेड्यांतून आपल्या बौद्ध वस्त्या पेटवल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मी जात्याच काळजीखोर; इंजिनानं शिट्टी मारली तरी छातीत धस्स व्हायचं. मामांची एकुलती एक लेक सुजाता जिंतूरकडच्या खेड्यात दिलेली, त्यात दिवस भरत आलेले. एस.टी. बंद. मामा गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "जिंतूरकडचं काय कळलं का हो?"

एक दिवस कळलं. सुजाताच्या गावची वस्ती जळाली होती. माणसांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा पायीच निघाले, तर लोकांनी धरून बसवलं.

त्या संध्याकाळी आम्ही विहाराला आतून कडी लावून बसलो. गुरुजीच म्हणाले, "खंडू, सांग बाबा काहीतरी. लोक भ्यालेत."

मामांनी ग्रंथ उघडलाच नाही.

"गौतमी आता जिंतूरच्या रस्त्याला लागली. गावाच्या कडंला एक घर लागलं. दार वाजीवलं, तर आतून एक दोन जिवांची बाई आली. गौतमीनं इचारलं, माय, तुज्या घरात कोन गेलंय का? ती म्हनली, न्हाई. आमी समदे हाव. आन तिनं गौतमीच्या पदरात मूठभर मोहरी टाकली."

कथा पार उलटी झाली होती. मी घाबरून गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"मिळाली म्हन की," ते म्हणाले. "आन ती बाई? ती कुठं हाय आता?"

"निघालीय तिथून. इकडंच यायलीय."

"पाऊस हाय का वाटंत?" मागून कुणीतरी विचारलं.

"न्हाई न्हाई. उघडीप हाय."

मला राहवेना. "मामा, एकटीच यायलीय का हो ती?"

"एकटी कशी, पोरी?" मामा म्हणाले. "गौतमी हाय की संगट. हात धरलाय तिचा."