आत आरती, बाहेर कुलूप

"चोराची काय बिशाद आपल्या घरात शिरायची! शिरला तर असा कलमात गुंडाळीन, की त्येची नातवंडंबी सुटायची न्हाईत!"

कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झालेला केरबा राजारामपुरीत पानपट्टीवर हे सांगत होता, नेमका त्याच वेळी चोर त्याच्या घरात होता!

शुक्रवार होता. दिवेलागणीला लक्ष्मी येते म्हणून चिमणाबाईनं नेमाप्रमाणे पुढचं दार सताड उघडं ठेवलं, उंबऱ्यात पणती लावली आणि ती मागं तुळशीपाशी गेली. परत येऊन बघते तर देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा गायब! माहेरून लग्नात आलेली, चांदीची.

केरबा आला. त्यानं आधी कलम काढलं.

"दार उघडं हुतं म्हनू नकोस! उघड्या दारातनं नेली तर साधी चोरी. कोन ढुंकून बघत न्हाय. कुलूप फोडून, त्येबी दिवस बुडाल्यावर, म्हंजे रात्रीची घरफोडी! चारशे सत्तावन्न! चौदा वर्सं! सायेब येतोय, कुत्रं येतंय!"

"अवो, पन कुलूप कुटं फोडलंय?"

"मी हाय की!"

"शुक्रवारचं खोटं बोलू?"

"तू बोलू नकोस. आरती म्हन. मोठ्यानं! घावांचा आवाज झाकाय पायजे."

बाईला आत ठेवून त्यानं बाहेरून कुलूप घातलं आणि पहार उचलली. जन्मात कधी वरच्या पट्टीत न बोललेली चिमणाबाई घंटा बडवत रडत आरती म्हणू लागली, आणि केरबा घंटेच्या ठेक्यावर घाव घालू लागला. कुलूप जावयासारखं अडून बसलं! शेवटी कोयंडा, फळी आणि शेरभर गिलावा असं सगळं वऱ्हाड एकदम खाली आलं.

आरती ऐकून शेजारची शालूबाई प्रसादाला वाटी घेऊन हजर!

"भावजी, आत आरती, भायेर कुलूप, आन तुमच्या हातात पहार? काय नवस हाय काय?"

"चोर! चोरानं हिला कोंडली, कोयंडा उचकटला. मी पहार हिसकावून घेतली!"

तासाभरात गल्लीत चोर सहा फुटी झाला. मुल्ला हवालदारांनी पंचनामा केला. केरबा छाती काढून एकेक कलम सुचवत होता. घरफोडी, कोंडून ठेवणं, वर पहारीनं हल्ला!

दुसऱ्याच दिवशी शाहूपुरीत सोनाराच्या दारात चोर सापडला. आकाराम, काडीपैलवान. पहार त्याच्यापेक्षा जाड! अन्नपूर्णा खिशात.

"घेतली, सायेब," तो म्हणाला. "दार उघडं, पणती लावलेली. मला वाटलं, या म्हनत्यात."

मग हवालदारांनी त्याला बाकीची कलमं वाचून दाखवली. आकारामनं थेट वकील गाठला.

"आता मूर्ती द्या की, भाऊ," चिमणाबाई ठाण्यात हवालदारांना म्हणाली.

"मावशी, ती आता मुद्देमाल. लाखेचं सील लागलं. साधी चोरी असती तर गडी कबूल हुता, आठ दिवसांत निकाल, अन्नपूर्णा घरात. आता एवढी कलमं कोन कबूल करतंय? चालंल दोन-चार वर्सं!"

वाटेत चिमणाबाई म्हणाली, "जावा, खरं सांगून टाका."

"खोट्या फिर्यादीचं बी कलम हाय," केरबा पुटपुटला. तेवढं मात्र त्यानं हवालदारांना सुचवलं नव्हतं!

आकाराम जामिनावर सुटून घरी गरम भाकरी खातोय. केरबानं शुक्रवारी पाटावर बैठक मारली, तर चूल थंड! अन्नपूर्णा कोर्टात हाय तोवर शुक्रवारी चूल पेटवायची नाही, असा नवा नेम बाईनं धरला होता.

"आन मी काय खाऊ?"

बाई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, "त्येचं कायतरी कलम आसंलच की. बघा!"