शिबिरात पहिली आलेली कासवीण

बाळांनो, मांडी घाला आणि ऐका. एका जंगलात गोदूआजी नावाची एक म्हातारी कासवीण राहत होती. तिच्या लेकीने नदीकाठी अंडी घातली होती. पंधरा दिवसांत नातवंडं बाहेर येणार होती, आणि आजीला त्यांची पहिली पावलं बघायची होती.

नदीकडे जायला दोन वाटा होत्या. उतरणीची जवळची, पण दगडाधोंड्यांची. वळशाची सपाट, पण बारा दिवसांची. गेल्या वर्षी आजी नुसती गवतावर घसरली, तर मागचा पाय मोडला होता. हाडं ठिसूळ झाली असतील, अशी तिला धास्ती होती.

तेवढ्यात वाघोबांचा वाढदिवस आला. वाढदिवस आला की फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्स लागला की मोफत शिबिर भरतंच. यंदा हाडांची घनता मोजायचं यंत्र आलं. ते चालवायला डॉक्टर बगळोपंत. पांढरा कोट त्यांना जन्मतःच मिळालेला, त्यामुळे शिक्षणाचं कोणी विचारलं नाही.

यंत्र प्रत्येकाची हाडं एका तरण्याबांड गव्याच्या हाडांशी ताडून बघायचं. ससा टुणटुण उड्या मारत आला.

"तुझी हाडं म्हणजे चुरमुरे!" बगळोपंत म्हणाले. "उड्या बंद. अंथरुणातून उठायचं नाही."

बिचाऱ्याला उचलून घरी न्यावं लागलं.

मग आजीची पाळी आली. यंत्राने तिची पाठ मोजली. पाठीवर ढाल. आकडा गव्याच्याही वर गेला.

"आजी, जंगलात पहिल्या आलात!"

"अहो, पण गवतावर पडून पाय मोडला होता माझा."

"रिपोर्टमध्ये तसं काही नाही."

"यंत्राने माझी ढालच तर नाही ना मोजली?"

"आजी, यंत्र परदेशी आहे."

या उत्तरापुढे जंगलात आजवर कोणी बोललेलं नाही. तरी आजीने विचारलं, "मग उतरणीने जाऊ की वळशाने?"

"उतरणीने! नाचत जा!"

आजीला काही पटलं नव्हतं. पण छापील आकडा, त्यावर शिक्का, वर सगळ्यांच्या टाळ्या. तिला आपल्याच पायाची लाज वाटली. ती उतरणीने निघाली.

तिसऱ्याच धोंड्यावर पुढचा पाय मोडला. रानडुकरांनी तिला उचलून पुन्हा शिबिरात आणलं. बगळोपंतांनी पायाला चिकणमातीचं जाड प्लास्टर घातलं, ते वाळू दिलं आणि आता पायच यंत्राखाली धरला. आकडा आणखी वाढला.

"बघा, सुधारणा!" ते म्हणाले.

मग आजीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. वाघोबांशेजारी तिचा फोटो फ्लेक्सवर झळकला. तिकडे नदीकाठी नातवंडं बाहेर आली आणि आजीची वाट न बघता पाण्यात निघून गेली. निरोप आला तेव्हा आजी हमसून हमसून रडली. बगळोपंतांनी अहवालात 'आनंदाश्रू' अशी नोंद केली.

तात्पर्य : रिपोर्ट चांगला असला की मोडलेला पायही ठणठणीत असतो. तरीही दुखत असेल, तर आजी, तुम्हीच जरा यंत्राशी जुळवून घ्या.