ताटातला ग्वीडो

माणूस पारखायला मला दोन मिनिटं लागतात, जावई असेल तर एक. लेकीने, कादंबरीने, ग्वीडोला घरी आणलं तेव्हा साठाव्या सेकंदाला मी मनात हो म्हटलं. लहान मुलांचा डॉक्टर, बूट दारात काढतो, आमटी दुसऱ्यांदा मागतो. अडचण फक्त नावाची.

फोनवर अर्थ शोधला आणि सोफ्यावरून घसरलो. मूळ अर्थ रान, इथवर ठीक. पण आमच्या न्यू जर्सीत हे नाव इटालियन पोरांना हिणवायला वापरतात! केसांत अर्धी बाटली जेल, गळ्यात म्हैस बांधता येईल अशी साखळी, आरशासमोरून हलायला तयार नाही, असा तो ग्वीडो.

"नीलांबरी, लग्नाला येणाऱ्या आपल्या आयसेलिन गावातल्या अडीचशे पाहुण्यांकडे फोन आहेत," मी बायकोला म्हटलं.

"मग नाव बदलणार का त्याचं?" ती चेष्टेत म्हणाली. मला तिथेच सुचलं.

लग्न लागल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. कादंबरीने आधीच बजावलं होतं, "बाबा, आय ॲम नॉट चेंजिंग माय नेम." म्हणजे ताट मोकळंच. भर हॉलमध्ये मी त्यात सुबक अक्षरांत जावयाचं नवं नाव लिहिलं: गोविंद. खाली इंग्रजीतही.

कादंबरीच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, हे काय केलंत?" मुलाकडची चाळीस माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांत पुढे नव्वदीचे आजोबा, काठी टेकत. त्यांचंही नाव ग्वीडो, आणि थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची त्यांची रीत, हे मला तेव्हा कळलं. रीत आपल्याकडेही तीच. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

"या नावावरून मला कामावर चिडवायचे," ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले. "तरी मी ते नातवाला दिलं."

मी अंगठी हळूच परत बोटात सरकवली.

मग त्यांनी गुरुजींना विचारलं, "नवं नाव कोण ठेवतं?"

"मुलाकडचे," गुरुजी खरं बोलून बसले.

"म्हणजे आम्ही." आजोबांनी तांदूळ सारखे केले, माझ्याच बोटातली अंगठी मागून घेतली, पाच इंग्रजी अक्षरं लिहिली आणि ताट माझ्यासमोर धरलं. गुरुजींनी सवयीने ते मोठ्याने वाचलं. आधी कादंबरी हसली, मग चाळीस माणसं खाली बसली. नातं वाचलं.

याला चार महिने झाले. आता मला शशिकांत म्हणणारं गावात कोणी उरलेलं नाही. आणि एकतीस वर्षांत जिने मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती, ती माझी बायको काल वाणसामानाच्या दुकानात, भर गर्दीत म्हणाली, "ग्वीडो, कोथिंबीर घे."